आधी घड्याळं जुळवा: किरणोत्सारी औषध अनेक केंद्रांनी मिळून घडवताना

देशातली चार-पाच केंद्रं एकत्र येऊन एखादं नवं किरणोत्सारी औषध (गाठीवर जाऊन बसणारा रेणू आणि त्याला जोडलेला किरणोत्सारी अणू) रुग्णापर्यंत न्यायचं ठरवतात, तेव्हा पहिल्या बैठकीत सगळ्यांना रेणूबद्दल बोलायचं असतं. गाठीतल्या ग्राहीवर तो किती घट्ट बसतो, मूत्रपिंडातून किती लवकर बाहेर पडतो, उंदरांची चित्रं किती स्वच्छ आली. आमच्या गटात अणुभट्टीकडचे, रसायनशाळेतले आणि रुग्णालयातले असे तिन्ही बाजूंचे लोक आहेत. आता आम्ही पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एकच विषय ठेवतो: घड्याळं.

हे विनोदानं लिहिलेलं नाही. चित्रणासाठी वापरायच्या गॅलियम-६८ चं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६८ मिनिटांचं. औषध मोजलं त्या खोलीतलं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत १० मिनिटांचा फरक असेल, तर क्षयाची दुरुस्ती (मधल्या वेळात घटलेला किरणोत्सार हिशेबात भरून काढणं) जवळपास १० टक्क्यांनी चुकते. फ्लोरिन-१८ साठी (११० मिनिटं) तीच चूक ६ टक्क्यांची. रुग्णाला त्याचा त्रास होत नाही, चित्रही छान दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण तीन केंद्रांचे आकडे एका तक्त्यात आले की एका केंद्रातल्या गाठी सातत्यानं 'जास्त तेजस्वी' दिसतात, आणि मग त्याची जीवशास्त्रीय कारणं शोधण्यात महिने जातात. स्कॅनर, सिंथेसिस मॉड्यूलचा (औषध बनवणाऱ्या यंत्राचा) संगणक, डोस कॅलिब्रेटर (औषधातला किरणोत्सार मोजणारं यंत्र) आणि भिंतीवरचं घड्याळ ही सगळी एकाच वेळ-सर्व्हरला जोडायची. जे जोडता येत नाही (जुने कॅलिब्रेटर बहुधा नाहीच जोडता येत) ते दर सोमवारी हातानं जुळवून वहीत फरक लिहायचा. स्कॅनरची दुरुस्ती करून अभियंता गेला की त्याच दिवशी पुन्हा बघायचं. सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं की घड्याळ सरकलेलं असतं, हे इतक्या वेळा घडतं की आम्ही ती पायरी दुरुस्तीच्या फॉर्मवरच छापून घेतली आहे.

घड्याळांनंतर डोस कॅलिब्रेटर. प्रत्येक केंद्राला वाटतं की आपलं यंत्र बरोबर आहे, कारण सीझियम-१३७ च्या तपासणी-स्रोतावर ते रोज बरोबर आकडा दाखवतं. त्या तपासणीतून यंत्र कालच्यासारखं चालतंय एवढंच कळतं, उपचारासाठी वापरायच्या ल्युटेशियम-१७७ चा आकडा खरा आहे का हे कळत नाही. त्यासाठी एक कुपी फिरवावी लागते. राष्ट्रीय प्रमाण प्रयोगशाळेत किंवा तिच्याशी जोडलेल्या ठिकाणी मोजलेली ल्युटेशियम-१७७ ची कुपी, आत ठरलेलं आकारमान, सोबत प्रमाणपत्र. ती एकेका केंद्रात जाते आणि प्रत्येकानं ती आपापल्या नेहमीच्या पद्धतीनं मोजायची. त्यानंतर तेच द्रावण प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या सिरिंजमध्ये ओढून पुन्हा मोजायचं. कुपीची काच आणि सिरिंजचं प्लास्टिक किरण सारखे अडवत नाहीत, आणि द्रावणाची उंची बदलली की यंत्राचं उत्तरही बदलतं. ल्युटेशियमसाठी हा फरक त्यामानानं कमी असतो. कमी ऊर्जेचे क्ष-किरण सोडणाऱ्या इंडियम-१११ किंवा आयोडीन-१२३ साठी तो चांगलाच जाणवतो.

या फेरीत चुका सापडतात त्या मोठ्या शास्त्रीय नसतात. कुपी आत सोडायचा प्लास्टिकचा दांडा तुटला म्हणून दुसऱ्या लांबीचा आणलेला असतो. समस्थानिकाचं बटण दाबलं की जो गुणांक लागतो, तो यंत्र विकत घेतलं तेव्हापासून कुणी तपासलेला नसतो. पार्श्वभूमी वजा केलेली नसते, कारण शेजारच्या शिशाच्या पेटीत कालचा कचरा आहे हे कुणाला आठवलेलं नसतं. अ‍ॅक्टिनियम-२२५ असेल तर आणखी एक खड्डा आहे. कॅलिब्रेटरला दिसतात ती गॅमा किरणं अ‍ॅक्टिनियमची नसून फ्रान्सियम-२२१ आणि बिस्मथ-२१३ या त्याच्या वंशजांची असतात. बिस्मथचं अर्धायुष्य ४६ मिनिटांचं. शुद्धीकरण केल्याकेल्या मोजलं तर वंशज अजून भरून आलेले नसतात आणि आकडा खोटा येतो. काही तास थांबून मोजायचं. औषधाची शुद्धता तपासायच्या पट्ट्या मोजतानाही हाच नियम लागू.

समस्थानिक कुठून आणायचा

ल्युटेशियम-१७७ दोन वाटांनी मिळतो आणि कोणती वाट घ्यायची हा निर्णय पुढच्या प्रत्येक पायरीला भिडतो. पहिली वाट म्हणजे ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनचा मारा. निसर्गातल्या ल्युटेशियममध्ये हा समस्थानिक जेमतेम २.६ टक्के असतो, म्हणून तो समृद्ध करून घ्यावा लागतो. न्यूट्रॉन तो भराभर गिळतो, त्यामुळे मध्यम ताकदीच्या भट्टीतही काम होतं. पण न बदललेलं थंड (किरणोत्सारी नसलेलं) ल्युटेशियम सोबत राहतं आणि ते वेगळं काढता येत नाही. शिवाय थोडा ल्युटेशियम-१७७एम तयार होतो, ज्याचं अर्धायुष्य १६० दिवसांचं. दुसरी वाट म्हणजे यटर्बियम-१७६ वर मारा. त्यातून यटर्बियम-१७७ बनतो, तो १.९ तासांच्या अर्धायुष्यानं ल्युटेशियम-१७७ मध्ये बदलतो, आणि मग रसायनानं यटर्बियमपासून ल्युटेशियम वेगळा करायचा. शेजारशेजारची दोन लॅंथनाइड वेगळी करणं हे कष्टाचं काम आहे, पण हाती येतो तो वाहकविरहित माल, म्हणजे थंड ल्युटेशियमची भेसळ नसलेला.

हिशेब मांडला की फरक डोळ्यांत भरतो. वाहकविरहित ल्युटेशियमची सैद्धांतिक विशिष्ट सक्रियता (वजनामागचा किरणोत्सार) मिलिग्रॅममागे सुमारे ४.१ टेराबेकेरल (बेकेरल हे किरणोत्साराचं एकक). रुग्णाच्या ७.४ गिगाबेकेरल मात्रेत म्हणजे फक्त १० नॅनोमोल ल्युटेशियम असतं. २०० मायक्रोग्रॅम डोटाटेट (गाठीतल्या ग्राहीवर बसणारं पेप्टाइड) घेतलं तर पेप्टाइड जवळजवळ १४० नॅनोमोल, म्हणजे धातूच्या चौदापट. वाहकासहित माल मिलिग्रॅममागे ७४० गिगाबेकेरलचा असेल तर त्याच मात्रेत ५६ नॅनोमोल धातू येतो आणि गुणोत्तर अडीचवर घसरतं. हाच माल आठवडाभर पडून राहिला, तर तेवढ्याच सक्रियतेसाठी दुप्पट धातू घ्यावा लागतो आणि गुणोत्तर सव्वाच्या आसपास येतं. लेबलिंग (रेणूला किरणोत्सारी धातू जोडणं) तिथंच कोलमडतं. 'गेल्या आठवड्यात याच मालानं ९९ टक्के दिले, आज काय झालं?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. वाहकविरहित मालात उरलेलं ल्युटेशियम तसंच शुद्ध राहतं. क्षयातून हाफनियम जमतं, पण ते फारसा अडथळा करत नाही.

कचऱ्याची बाजूही इथंच ठरते. वाहकासहित मालातला १६० दिवसांचा समस्थानिक टक्केवारीत नगण्य वाटतो, पण तो रुग्णाच्या मूत्रात, हातमोज्यांत आणि रिकाम्या कुपीत उतरतो, आणि रुग्णालयाचा क्षयासाठी साठवण्याचा हिशेब दहा आठवड्यांवरून वर्षांवर जातो. ज्या रुग्णालयाकडे क्षय-टाक्या लहान आहेत त्याला हे आधीच सांगितलेलं बरं. करार झाल्यावर सांगितलं तर भांडण होतं.

पुरवठादार किमान दोन हवेत हे सगळे मान्य करतात. २००९ च्या मे महिन्यात कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी गळतीमुळे बंद पडली ती थेट २०१० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. मध्येच नेदरलँड्समधल्या पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली, आणि जगभर स्कॅनसाठी लागणाऱ्या टेक्निशियम-९९एम च्या जनरेटरांची (मूळ समस्थानिकातून हवा तो समस्थानिक काढून देणाऱ्या उपकरणांची) टंचाई झाली. मूळ मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तासांचं असल्यामुळे गोदामात साठा करून ठेवण्याचा पर्यायच नव्हता. हा धडा सगळ्यांना पाठ आहे. पण दुसरा पुरवठादार कागदावर असणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं. एकाचं ल्युटेशियम क्लोराइड अर्ध्या मिलिलिटर आम्लात येतं, दुसऱ्याचं दोन मिलिलिटरमध्ये. आम्लाची तीव्रता वेगळी. तोच बफर, तेवढाच बफर घातला की पीएच ४.५ ऐवजी भलतीकडे जातो. म्हणून दोन्ही मालांवर प्रमाणीकरणाच्या बॅचेस काढाव्या लागतात, आणि ते काम टंचाई नसतानाच उरकायचं असतं.

एकच कृती, तीन हॉट सेल

लेबलिंग हॉट सेलमध्ये, म्हणजे किरण अडवणाऱ्या बंद कप्प्यात होतं. कृती लिहिली तर चार ओळींची आहे. पेप्टाइड अ‍ॅसिटेट किंवा अ‍ॅस्कॉर्बेट बफरमध्ये, पीएच ४.५ ते ५. ल्युटेशियम क्लोराइड घालायचं. ८० ते ९५ अंश सेल्सियसला २० ते ३० मिनिटं. थंड करून विरल करायचं, गाळायचं. गॅलियम-६८ साठी पीएच ३.५ ते ४, ९५ अंश, ५ ते १० मिनिटं. यात बिघडतं ते खालीलप्रमाणे, आणि आम्ही हे वारंवारतेच्या क्रमानं सांगतोय.

पहिलं म्हणजे धातूचा विटाळ. डोटाचा पिंजरा (रेणूचा धातू पकडून ठेवणारा भाग) ल्युटेशियमच हवं असा हट्ट धरत नाही. लोखंड, जस्त, तांबं, जे आधी येईल ते तो पकडतो. स्टीलची सुई आम्लात बुडवून ठेवली तर तिच्यातून लोखंड उतरतं, आणि १० नॅनोमोल ल्युटेशियमच्या तुलनेत ते नगण्य नसतं. क्लोराइडच्या कुपीत स्टीलची सुई घालायचीच झाली तर ओढून लगेच काढायची. शक्य तिथं प्लास्टिकचं कॅन्युला. काचेचं सामान आम्लानं धुऊन, बफर धातू शोषणाऱ्या रेझिनमधून काढून, पाणी अतिशुद्ध. प्रत्येक केंद्रानं स्वतः बफर बनवण्यापेक्षा एका केंद्रानं बनवून, तपासून सगळ्यांना गोठवलेल्या कुप्या पाठवणं आम्हाला जास्त फायद्याचं वाटतं. एरवी तीन केंद्रांच्या तीन 'अतिशुद्ध' पाण्यांशी झगडावं लागतं.

जनरेटरचा विटाळ याच जातीचा. जर्मेनियम-गॅलियम जनरेटर दोहून घेतला की चार तासांत ९१ टक्के गॅलियम परत भरतं, पण क्षय झालेल्या गॅलियमचं स्थिर जस्त त्याच स्तंभात साठत राहतं. म्हणून शनिवार-रविवार हात न लावलेल्या जनरेटरचं सोमवारचं पहिलं दोहन टाकून द्यायचं, आणि दुसरं लेबलिंगला वापरायचं. हे न करता 'सोमवारी निकाल खराब येतात' अशी तक्रार करणारे ठिकठिकाणी भेटतात. जर्मेनियमची गळती ०.००१ टक्क्याच्या आत आहे ना, हे बघायला दोहलेलं द्रावण ४८ तास ठेवून मगच मोजायचं, कारण तोवर गॅलियम संपलेलं असतं आणि उरलेली किरणं जर्मेनियमच्या खात्यावरची असतात.

दुसरं म्हणजे किरणांनी स्वतःच्याच रेणूला तोडणं. दहा गिगाबेकेरलच्या लहान बॅचला जी कृती शोभते ती शंभराच्या बॅचला शोभत नाही. सक्रियता दाट झाली की पाण्यातून निघालेले मुक्त कण पेप्टाइड कुरतडतात. जेन्टिसिक आम्ल लेबलिंगच्या वेळीच घालायचं, अ‍ॅस्कॉर्बेट शेवटी विरल करताना; दोन्हींचं काम थोडं वेगळं आहे आणि एकावर भागवू नये. स्थिरतेचा अभ्यास नेहमी सगळ्यात दाट, सगळ्यात मोठ्या बॅचवर करायचा. लहान बॅच ७२ तास टिकली म्हणून मोठीही टिकेल असा अर्ज केला की परीक्षक तो परत पाठवतात, आणि ते योग्यच करतात.

तिसरं म्हणजे मोकळं राहिलेलं ल्युटेशियम. ते हाडांत जाऊन बसतं आणि अस्थिमज्जेला भाजतं. लेबलिंग संपल्यावर थोडं डीटीपीए घातलं की मोकळा धातू त्याला चिकटून मूत्रावाटे निघून जातो. हे विमा म्हणून करायचं, खराब लेबलिंग झाकायला नाही. डीटीपीए घालण्याआधीच्या नमुन्याची शुद्धता नोंदवायचा नियम आम्ही याचसाठी ठेवतो.

तपासणीच्या पट्ट्यांबद्दल एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर वेगळं बोललं पाहिजे. सिलिका-जेलची पट्टी ०.१ मोलर सायट्रेटमध्ये, पीएच ५ ला चालवली की मोकळं ल्युटेशियम वर धावतं आणि औषध खाली राहतं. पण कोलॉइडही (धातूचे न विरघळलेले सूक्ष्म कण) खालीच राहतो. एकाच द्रावकावर विसंबलं तर कोलॉइडनं भरलेली बॅच ९९ टक्के शुद्ध दिसते, आणि रुग्णाचं यकृत स्कॅनवर उजळून निघतं. दुसरी पट्टी अमोनियम अ‍ॅसिटेट आणि मेथॅनॉलच्या समभाग मिश्रणात चालवायची. तिथं औषध वर जातं आणि कोलॉइड खाली उरतो. दोन्ही पट्ट्या, दरवेळी. एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक स्तंभातून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना विरल करून घालायचा, नाहीतर किरण-शोधक संपृक्त होतो, मुख्य शिखर बुटकं होतं आणि अशुद्धता फुगलेली दिसते. कोलॉइड स्तंभातच अडकतो आणि आलेखावर येतच नाही, म्हणून एचपीएलसी आहे तर पट्ट्या कशाला, हा प्रश्न बाद.

निर्जंतुक गाळणीची बुडबुडा-चाचणीही फसवते. औषधात इथेनॉल असेल तर ओल्या गाळणीचा बुडबुडा-बिंदू खाली येतो आणि धडधाकट गाळणी नापास होते. चाचणीआधी गाळणीतून पुरेसं पाणी काढलं की प्रश्न मिटतो. हे लिहून ठेवलेलं नसेल तर एखादी उत्तम बॅच फेकली जाते आणि त्या दिवशी बोलावलेले रुग्ण घरी परततात.

निर्जंतुकतेची खरी चाचणी १४ दिवसांची. औषध ७२ तासांत संपतं. म्हणजे निकाल येतो तेव्हा औषध रुग्णाच्या शरीरात जाऊन आठवडा उलटून गेलेला असतो. म्हणून सगळा भरवसा प्रक्रियेवर: औषधाऐवजी जंतू वाढवणारं माध्यम भरून केलेल्या चाचण्या, हवेतल्या कणांची नोंद, गाळणीची अखंडता, आणि त्याच दिवशी हाती येणारी एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या विषाची) चाचणी. यात हॉट सेल एका विचित्र कात्रीत असतो. किरणोत्साराचा नियम म्हणतो आतला दाब खोलीपेक्षा कमी ठेवा, गळलं तर हवा आत यावी. निर्जंतुकतेचा नियम म्हणतो दाब जास्त ठेवा, खोलीतली हवा आत येता कामा नये. तोडगा म्हणजे सेल ऋण दाबात, त्याभोवतीची खोली मात्र चांगल्या स्वच्छता-श्रेणीची आणि बाहेरच्या बोळाच्या तुलनेत धन दाबात. आणि सेलचं दार बॅच चालू असताना उघडायचं नाही. दार उघडलं तर ते विचलन म्हणून नोंदवायचं. हात आत घालून नळी सरळ करायचा मोह होतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रत्येक केंद्रात लागोपाठ तीन बॅचेस निकषांत बसल्या की ते केंद्र पात्र. मॉड्यूल वेगवेगळ्या बनावटीचे असले तरी चालतं, निकष मात्र तेच. एखाद्या केंद्रासाठी मर्यादा सैल करायची विनंती येते, कारण 'आमच्या यंत्रावर एवढंच येतं'. तसं केलं की शेवटी तीन वेगवेगळी औषधं तपासली जातात आणि निकाल एका नावाखाली छापले जातात.

कागद

दोन दारांवर टकटक करावी लागते, औषध नियंत्रकाच्या आणि किरणोत्सार नियामकाच्या, आणि दोघांना एकमेकांचं उत्तर आधी हवं असतं. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाकायचे आणि प्रत्येकात दुसऱ्याची पोचपावती जोडायची. औषधाची फाइल सामायिक ठेवायची, केंद्रागणिक फक्त परिशिष्ट. विषबाधेचा अभ्यास थंड, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या ल्युटेशियमनं भरलेल्या रेणूवर होतो. वस्तुमान १०० मायक्रोग्रॅमच्या आत आणि परिणामकारक मात्रेच्या शंभराव्या भागाखाली असेल तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातली सूक्ष्ममात्रेची सवलत मिळू शकते. चित्रणाच्या रेणूंना ती सहज लागू पडते. पण उपचाराच्या रेणूला ती आपोआप मिळेल असं धरून वेळापत्रक आखू नये. करारात एक कलम विसरलं जातं ते म्हणजे फसलेल्या बॅचचं काय. समस्थानिकाचा खर्च कुणाच्या डोक्यावर आणि रुग्णाला फोन कुणी करायचा, हे आधी लिहा. बाकी कलमं वकील लिहितातच.

वाटेत

ल्युटेशियम दिवसाला सुमारे १० टक्के घटतं. टोचायच्या क्षणी ७.४ गिगाबेकेरल हवेत आणि प्रवासाला दोन दिवस लागणार असतील, तर निघताना ९.१ भरावे लागतात. फ्लोरिन-१८ चं गणित निर्दयी आहे: तीन तासांच्या प्रवासात ३२ टक्केच उरतं. म्हणून ल्युटेशियमची एक मोठी रसायनशाळा देशभर पुरवठा करू शकते, आणि गॅलियम किंवा फ्लोरिन मात्र रुग्णालयाजवळच बनवावं लागतं. केंद्रांची वाटणी करताना हा एकच नियम पाळला तरी निम्मे वाद वाचतात.

पेटी वाहतुकीच्या नियमांतल्या 'अ' प्रकारची. ल्युटेशियम-१७७ साठी त्या पेटीची मर्यादा ०.७ टेराबेकेरल, त्यामुळे अडचण येत नाही. अ‍ॅक्टिनियम-२२५ साठी ती ०.००६ टेराबेकेरलवर येते. पृष्ठभागावर पुसून घेतलेला नमुना बीटा-गॅमासाठी चौरस सेंटिमीटरला ४ बेकेरलच्या आत हवा. एक मीटरवरच्या मात्रा-दरावरून वाहतूक-निर्देशांक काढून लेबलवर लिहायचा: तासाला ०.०१ मिलिसीव्हर्ट म्हणजे निर्देशांक १. आकडा चुकला तर गोदामातला माणूस पेटी बाजूला ठेवतो, आणि तो बरोबर असतो. आकडा बरोबर असूनही विमानाचा कप्तान पेटी नाकारू शकतो, तसा त्याला अधिकार आहे. म्हणून प्रत्येक मार्गाला रस्त्याचा पर्याय आधीच ठरवलेला हवा, वेळांसकट. शुक्रवारी निघणारी खेप टाळावी. अडकली तर सोमवारपर्यंत ऐकणारं कुणी नसतं.

रुग्णाचा दिवस

रुग्णालयाला आम्ही एकच अट घालतो: पेटी दारात येऊन मोजून झाल्याशिवाय अमिनो आम्लांचं सलाइन सुरू करायचं नाही. मूत्रपिंडं वाचवण्यासाठी २५ ग्रॅम लायसिन आणि २५ ग्रॅम आर्जिनिन एक लिटरमध्ये, चार तास चालणारं. औषधाच्या अर्धा तास आधी सुरू करून औषध संपल्यावरही किमान तीन तास चालू राहील असं. औषध उशिरा आलं तर हे संरक्षण औषधाआधीच संपतं. बाजारात मिळणारी पोषणासाठीची मिश्र अमिनो आम्लं वापरली तर आकारमान वाढतं आणि उलट्या खूप होतात. लायसिनमुळे रक्तातलं पोटॅशियम वर जाऊ शकतं, म्हणून ते आधी तपासलेलं हवं. प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनचे निकाल समस्थानिक मागवण्यापूर्वी हाती असावेत. पेटी निघाल्यावर 'प्लेटलेट कमी आहेत' हे कळलं तर ती मात्रा दुसऱ्या रुग्णाला देता येईलच असं नाही.

दिलेली मात्रा म्हणजे कुपीवर लिहिलेली मात्रा नव्हे. देण्यापूर्वीचं माप वजा कुपी, नळी आणि सुईत उरलेलं, असं दोन्ही वेळांसकट लिहायचं.

आकडे एका तक्त्यात येताना

सहकार्याचा खरा कस इथं लागतो. उपचारानंतर ४, २४, ७२ आणि १६८ तासांना चित्रं घेऊन कोणत्या अवयवानं किती ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) शोषले हे काढायचं असतं, आणि तीन केंद्रांची चित्रं एका ठिकाणी वाचायची असतात.

गॅमा कॅमेऱ्याचं अंशांकन मोठ्या पाण्याच्या सिलिंडरनं करतात. त्यात ल्युटेशियम क्लोराइड तसंच ओतलं तर ते प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं, चित्रात कडा उजळ आणि मधला भाग फिका दिसतो आणि गुणांक चुकतो. पाण्यात आधी थोडं डीटीपीए विरघळवायचं, मग ल्युटेशियम ओतून ढवळायचं. मध्यम ऊर्जेचा कॉलिमेटर (कॅमेऱ्यापुढची किरण गाळणारी जाळी), २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर, दोन्ही बाजूंना विखुरणाच्या खिडक्या. मग १० ते ३७ मिलिमीटर व्यासाचे सहा गोल असलेला फॅन्टम (रुग्णाऐवजी वापरायचा नमुना) सगळीकडे त्याच पद्धतीनं भरून, लहान गोलातली किती सक्रियता कॅमेऱ्याला दिसते ते प्रत्येक केंद्रासाठी काढायचं. चार तासांनी घेतलेल्या चित्रात सक्रियता इतकी असते की कॅमेरा गुदमरतो, मोजण्या सुटतात. ती दुरुस्ती केली नाही तर पहिला बिंदू खाली येतो आणि सगळा वक्र बिघडतो.

आणि मग चित्रं पाठवताना ओळख पुसण्याचं सॉफ्टवेअर. रुग्णाचं नाव पुसताना ते वजन पुसतं, टोचण्याची वेळ पुसतं, दिलेली सक्रियता पुसतं. चित्र तसंच दिसतं, पण गाठीनं किती औषध उचललं हा आकडा काढायला लागणारं काहीच त्यात उरत नाही. काही सॉफ्टवेअर तारखा सरकवतात, ते चालतं, पण एका रुग्णाच्या चारही चित्रांच्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकल्या पाहिजेत. प्रत्येक चित्राला वेगळा सरक लागला की ७२ तासांचं चित्र २४ च्या आधीचं ठरतं. काही स्कॅनर टोचण्याची फक्त वेळ साठवतात, तारीख नाही. त्याच दिवशी स्कॅन असेल तर कुणाला कळत नाही. झिर्कोनियम-८९ सारख्या तीन-चार दिवसांनी चित्रं घ्यायच्या समस्थानिकाला मात्र यंत्र आजचीच तारीख गृहीत धरतं आणि क्षयाची दुरुस्ती दिवसांनी चुकते. शिवाय दुरुस्ती टोचण्याच्या क्षणापर्यंत केली आहे की स्कॅन सुरू झाल्याच्या क्षणापर्यंत, हे बनावटीगणिक बदलतं. ओळख पुसण्याची एकच नियमावली सगळ्या केंद्रांना द्यायची, कोणते रकाने राखायचे त्याच्या यादीसह, आणि पहिल्या रुग्णाआधी फॅन्टमची चित्रं याच वाटेनं पाठवून पाहायची. मध्यवर्ती वाचकानं काढलेला आकडा आणि गोलात प्रत्यक्ष भरलेला आकडा जुळेपर्यंत त्या केंद्रात रुग्ण घ्यायचा नाही.

नवं केंद्र जोडलं जातं तेव्हा आम्ही त्याला एवढंच मागतो: गेल्या चार सोमवारच्या घड्याळ-वहीची पानं, फिरत्या कुपीचं कुपी आणि सिरिंज असं दोन्ही माप, आणि फॅन्टमची चित्रं. पेप्टाइडची कुपी त्यानंतरच्या खेपेत जाते.